पुतळीबाईचा उजवा हात

आमच्या बदलापुरात एके काळी कुणाचं डोकं गोल आणि नाक सरळ दिसलं, तर त्याचं श्रेय आईबापांना मिळत नसे. ते पुतळीबाईला जायचं. हेंद्रेपाड्याची ही कुणब्याची बाई उजाडताच पदर खोचून निघायची आणि दुपारपर्यंत गावातली तान्ही पोरं आणि त्यांच्या आया न्हाऊ घालून मोकळी व्हायची. माझ्या थोरल्याचं डोकं जन्मतः लांबट होतं. पुतळीबाईनं त्याला उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाली, "वयनी, तुना तर काकडी झाली." मला रडूच आलं. पण महिनाभर तिनं तळहातानं असं काही दाबलं की आज त्याच्या टोपीचा नंबर दुकानदार न विचारता काढून देतो.

मी तिला पुतळीबाई म्हणायची आणि अगं-तुगं करायची. ती मला वयनी म्हणायची आणि तीही अगं-तुगंच करायची. आमच्या सासूबाईंना ते खटकायचं. पण पुतळीबाईला बोलायची त्यांचीही छाती नव्हती, कारण नातवंडं तिच्या ताब्यात होती.

तिच्या कामाची रीत ठरलेली. पाटावर बसून पाय लांब करायची, पोर नडग्यांवर पालथं घालायची, डाव्या हातानं मान सांभाळायची आणि बाकी सगळा कारभार उजव्या हाताचा. तेल जिरवणं उजव्या हाताचं, मसुराच्या पिठानं लव काढणं उजव्या हाताचं, पाण्याची ऊब बघायची तीही उजव्याच कोपरानं. पोर ओरडलं की ती त्याच्या वरताण ओरडायची, "वरड, वरड! तुज्या बापानं कदी अशी आंगोल केली व्हती का?" आणि तो बाप, म्हणजे आमचे शशिकांतराव, अंबरनाथच्या कारखान्यातले साहेब, मुकाट्यानं वर्तमानपत्र उचलून ओसरीवर जाऊन बसायचे. कल्याण कॅम्पाला उल्हासनगर हे नाव तेव्हा नवंनवं पडलं होतं. तिथल्या बराकींतूनही तिला बोलावणं असायचं. सिंधी बायका तिला 'अदी' म्हणायच्या, म्हणजे ताई. त्यांची भाषा हिला येत नव्हती आणि हिची त्यांना, पण पोराला चोळायचं कसं ह्यावरून त्यांच्यात कडाक्याची भांडणं व्हायची आणि दोन्हीकडून एकमेकींना सगळं कळायचं.

तिचा नवरा धाकलू. त्याच्याबद्दल काय सांगायचं? दुसऱ्याची भातशेती अर्धेलीनं करायचा, आणि बोलण्यात अतिशय कंजूस. पुतळीबाई त्याच्या वाटचंही बोलून घ्यायची. घरात मांजरानं दूध सांडलं तरी दोष धाकलूचा. तोही हो म्हणायचा.

एक मुलगी होती, सरू. वांगणीला दिली होती. सरूची दोन बाळंतपणं झाली, दोन्ही मुलं महिन्याच्या आतच गेली. कशानं गेली ते देव जाणे. पण पुतळीबाईनं मनाशी पक्कं धरलं होतं की तिकडच्या बाईला न्हाऊ घालता येत नाही, पोराला वारा लागला. तिसऱ्या खेपेला तिनं व्याह्यांना बजावून सांगितलं, पोरीला माहेरी पाठवा, पोर मी माझ्या हातानं न्हाऊ घालीन आणि दोन महिन्यांचं करून देईन. सरूचे दिवस फाल्गुनात भरायचे होते. ही गोष्ट चोपन्न सालच्या श्रावणातली.

त्या श्रावणातच एका सकाळी ती माझ्या धाकट्या कुंदाला न्हाऊ घालून पुसत होती. कुंदानं पाय झाडले आणि एक लाथ पुतळीबाईच्या छातीवर बसली. पुतळीबाई थांबली. तिचं तोंड एवढा वेळ थांबलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

"काय गं?"

"हिची लाथ बसली नि मना लागलाच नाय."

"मग बरंच झालं की."

"बरा कसा? रोज लागते ना. आज दगडावं लाथ मारल्यासारकी वाटली." तिनं माझा हात धरून आपल्या उजव्या स्तनावर बाहेरच्या बाजूला ठेवला. लुगड्यावरूनही कळत होती, आवळ्याएवढी टणक गाठ.

"कधीपासून आहे ही?"

"होलीला बोराएवडी व्हती."

"आणि तू कुणाला बोलली नाहीस?"

"कोनाला बोलू? धाकलूला? तो रडत बसंल."

मी तिच्यावर इतकी चिडले की कुंदा घाबरून रडायला लागली. त्याच आठवड्यात तिला कल्याणच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी गाठ दाबून बघितली, काखेत बोटं घातली, तिथं आणखी एक सापडली, आणि मग मला बाजूला बोलावून कुजबुजत आजाराचं नाव सांगितलं. त्या काळी कॅन्सर हा शब्द माणसं असा दबक्या आवाजात उच्चारायची, जणू मोठ्यानं म्हटलं तर तो दारात येऊन उभा राहील. मला ही कुजबुज अजिबात सहन होत नाही. स्टेशनवर परत जाताना टांग्यातच मी तिला सगळं सांगून टाकलं.

"मंग मरनार का मी?" तिनं विचारलं.

"मला काय माहीत? मुंबईला जाऊ आणि विचारू."

"बरा," ती म्हणाली, आणि टांगेवाल्याला घोडा का वाळलाय म्हणून झापायला लागली.

माझा भाऊ गुरुदत्त परळला राहायचा, तिथून मोठं इस्पितळ जवळ. त्यानं नंबर लावून ठेवला होता. आम्ही तिघं गेलो: पुतळीबाई, मी आणि टोपी हातात धरून धाकलू. डॉक्टर मध्यम वयाचे, हळू बोलणारे होते. तपासून झाल्यावर त्यांनी आम्हाला समोर बसवलं. धाकलू खुर्चीवर बसेना, तो दाराशी जमिनीवर टेकला.

डॉक्टर म्हणाले, "स्तन काढावा लागेल. त्याला दुसरा इलाज नाही. पण काखेतल्या गाठींचं दोन तऱ्हेनं करता येतं. एक म्हणजे त्याच ऑपरेशनात काखही साफ करायची. एकदाच काय तो त्रास, तीन-चार आठवड्यांत घरी. मात्र हात वर जायला अवघड होतो, आणि पुष्कळ बायकांचा सुजतो. दुसरी तऱ्हा म्हणजे काखेला सुरी लावायची नाही. जखम भरली की तिथं क्ष-किरणांचा शेक द्यायचा, सहा आठवडे, रविवार सोडून रोज. कातडी काळी पडते, भाजते, माणूस थकतो. पण हात सुजण्याची भीती कमी."

"ह्यातलं चांगलं कुठलं?" मी विचारलं.

"विलायतेतल्या डॉक्टरांचाही अजून वाद मिटलेला नाही. माझ्या पाहण्यात दोन्हींनी साधारण सारख्याच बायका बऱ्या होतात. आणि दोन्हींनी काही होत नाहीत."

"तुमच्या बहिणीला असतं तर?"

ते जरा हसले. "बहिणीला मी विचारलं असतं, तुला हातानं काय काय करायचंय?"

पुतळीबाई इतका वेळ ऐकत होती. तिनं विचारलं, "सुजतो म्हंजे किती?"

डॉक्टरांनी बाहेरच्या व्हरांड्यातली एक बाई दाखवली. पुतळीबाई तडक उठली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली. कुठली तू, पोरं किती, सगळी विचारपूस झाली. मग तिचा हात आपल्या मांडीवर घेऊन दाबून बघितला, आणि पिण्याच्या पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला. त्या बाईनं तो दोन हातांनी घेतला. तिथून उठून ती शेक घेतलेल्या दुसऱ्या बाईकडे गेली. तिनं पदर बाजूला करून काख दाखवली. तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी काळी झाली होती. पण ती बाई स्वतःची वेणी स्वतः घालत होती.

"शेकच द्या," पुतळीबाईनं परत येऊन सांगितलं. "शेक मना नवा नाय. जलमभर बालंतिनींना शेकत आले मी."

मला ते पटलं नाही. एकदाच काय ते कापून काढावं आणि विषय संपवावा, असा माझा स्वभाव. इस्पितळाच्या पायऱ्यांवर आमचं भांडण झालं. मी म्हटलं, जीव मोठा की हात? ती म्हणाली, "ज्याला त्याला आपला ठाव असतो. तुजा हात लिवन्यापुरता, तू दुसऱ्या हातानं लिवशील. सरूचा पोर मी कोनच्या हातानं धरू?" धाकलूला विचारलं तर तो म्हणाला, "ती बोलंल तसा."

शेवटी तिच्या मनासारखं झालं. भाद्रपदात स्तन काढला. ऑपरेशन नीट पार पडलं, जखम सुरेख भरली. बदलापुरात मात्र बायकांनी जीभ चालवली. हा रोग हाताला हात लागून पसरतो म्हणे. ज्यांची तीन-तीन पोरं तिनं न्हाऊ घातली होती त्यांनी निरोप पाठवले, आता येऊ नकोस. त्यांतल्या दोघींना मी त्यांच्या दारात जाऊन काय बोलायचं ते बोलून आले, आणि त्याचं मला आजही समाधान आहे. बराकीतल्या सिंधिणींनी मात्र पापडांची चवड पाठवून दिली आणि विचारलं, अदी कधी येणार?

पावसाळा सरला आणि शेक सुरू झाला. पुतळीबाई गुरुदत्तकडे राहू लागली. शनिवारी संध्याकाळी घरी यायची, सोमवारी सकाळी परत. शेक द्यायच्या खोलीत आण्णा नावाचे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी पहिल्या दिवशी जांभळ्या शाईनं तिच्या गळ्याच्या हाडापासून काखेपर्यंत रेघा मारून चौकोन आखला. किरण नेमके ह्या चौकोनातच पडले पाहिजेत. म्हणून आण्णांनी बजावलं, "रेघा पुसू द्यायच्या नाहीत. इथं पाणी नको, तेल नको. रेघ गेली तर काम बिघडलं."

आता बघा. जिचा जन्म दुसऱ्यांना आंघोळी घालण्यात गेला, तिलाच आंघोळ बंद. शेक भाजायचा त्याबद्दल तिची तक्रार नव्हती, मळमळायचं त्याबद्दलही नव्हती. आंघोळ नाही म्हणून मात्र ती रोज गुरुदत्तच्या बायकोपुढे रडायची. त्यातून ऑक्टोबरचा उकाडा. घामानं रेघा फिकट व्हायच्या, सुती लुगड्याला पुसल्या जायच्या. आण्णा चिडायचे, "बाई, काल मारली होती ती रेघ कुठं गेली?" रोज शाई, रोज ओरडा. तिला फार लागायचं ते. तिच्या कामात कुणी चूक काढलेली तिला ठाऊकच नव्हती.

निम्म्याहून अधिक शेक झाला असेल. एका सोमवारी मलाही परळला जायचं होतं म्हणून आम्ही बरोबर निघालो. गाडीत ती गालातल्या गालात हसत होती. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, "आज तुज्या आन्नाची बोलती बंद."

आणि झालीही. तिला आत नेल्यावर थोड्याच वेळात आण्णा शाईची बाटली हातात घेऊन बाहेर आले. माझ्याकडे बघितलं, काही न बोलता डॉक्टरांच्या खोलीकडे चालू लागले. मी घाबरून आत धावले. पुतळीबाई टेबलावर ऐटीत बसली होती. गळ्यापासून काखेपर्यंतचा तो सबंध चौकोन तिनं गोंदवून घेतला होता.

बारवीकडच्या डोंगरातली चंद्री ठाकरीण रानभाजी विकायला यायची आणि गोंदायचीही. पुतळीबाईच्या हातावरचं लग्नातलं गोंदण चंद्रीच्याच आईनं केलेलं. आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, हेंद्रेपाड्याच्या अंगणात चंद्रीनं सुयांची जुडी आणि काजळ घेऊन शाईच्या एकेका रेघेवरून ठिपके ठोकले होते. भाजून लाल झालेल्या कातडीवर! आणि नुसती रेघ बरी दिसेना म्हणून चौकोनाच्या कोपऱ्यात आपल्या मनानं एक फूलही काढलं होतं.

"आता येऊ दे घाम कितीबी," पुतळीबाई मला म्हणाली. "मेल्यावर पन नाय पुसनार."

डॉक्टर आले. त्यांनी वाकून बघितलं. "हे फूल कशासाठी?" एवढंच विचारलं.

"ते चंद्रीनं फुकट वरती घातलान."

डॉक्टरांना हसू आलं, आण्णांनाही आलं, आणि मलाही. मग डॉक्टरांनी त्या कातडीवरून हलकेच बोट फिरवलं आणि त्यांचं हसू गेलं. ते म्हणाले, "बाई, रेघा पुसू नका असं आम्ही शंभर वेळा सांगितलं. गोंदू नका असं एकदाही सांगितलं नाही. ते आमच्या डोक्यातच आलं नाही."

त्याच आठवड्यात ती जागा पिकली. शेकानं नाजूक झालेली कातडी, त्यावर सुया टोचलेल्या. पू झाला, ताप भरला. शेक बंद करावा लागला. पुतळीबाई इस्पितळात पडून राहिली. तिला ताप चढला की ती चंद्रीला शिव्या द्यायची आणि उतरला की स्वतःला. मी तिला एका शब्दानं बोलले नाही. काय बोलणार? ती आयुष्यभर सांगितल्यापेक्षा चोख काम करत आली होती, इथंही तिनं तेच केलं होतं.

जखमा भरेपर्यंत पौष उजाडला. सरू सातव्या महिन्यातच माहेरी येऊन राहिली होती. आम्ही तिघं पुन्हा डॉक्टरांसमोर बसलो. धाकलू पुन्हा दाराशी.

डॉक्टर म्हणाले, "काखेतली गाठ लहान झाली आहे, गेलेली नाही. राहिलेला शेक आता त्या कातडीला झेपणार नाही. म्हणजे गाठी कापून काढणं एवढंच उरलं. पण शेकलेल्या जागी ऑपरेशन केलं की हात सुजण्याची शक्यता आणखी वाढते. हे तुम्हाला आधीच सांगितलेलं बरं."

"किती वाढते?" मी विचारलं.

"सुजेलच असं धरून चाला."

पुतळीबाई आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. मूठ मिटत होती, उघडत होती. "नको," ती म्हणाली. "आता कापू नका. सरूचा होऊ द्या, पोर दोन म्हैन्यांचा करते, मंग काय कापायचा ता कापा."

"तोपर्यंत ती गाठ वाट बघेल, असं मी सांगू शकत नाही."

"नाय बघितली तर नाय बघितली."

मी तोंड उघडणार होते. पण दाराशी हालचाल झाली. धाकलू उठून उभा राहिला होता.

"दाक्तर," तो म्हणाला, "जाऊ द्या तो हात. कापा."

"तू गप," पुतळीबाई म्हणाली.

"मी गपच असतो. आज नाय." हातातल्या टोपीची पार घडी घडी झाली होती. "सरूच्या पोराला कोन पन न्हाऊ घालंल. गावात काय बायका मेल्या नायत. मना कोन हाय? तू गेलीस तं मी कोनाच्या शिव्या खाऊ?"

एवढं लांब भाषण त्यानं त्याआधी आयुष्यात कधी केलं नसेल. पुतळीबाई लालबुंद झाली. "लाज नाय वाटत? वयनी बसलेली हाय ना हितं!" असं म्हणून तिनं पदर तोंडावर ओढून घेतला. पदराआड ती रडत होती. गाठ सापडली तेव्हा रडली नाही, स्तन काढला तेव्हा रडली नाही, ती तिथं नवऱ्यासमोर आणि डॉक्टरांसमोर हुंदके देऊन रडली. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. पदराआडूनच ती डॉक्टरांना म्हणाली, "कापा."

गाठी निघाल्या. डॉक्टर समाधानी होते. हात मात्र त्यांनी सांगितलं होतं तसाच वागला. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम तिनं एक दिवसही चुकवला नाही, तरी महिनाभरातच मनगटापासून दंडापर्यंत सूज चढली. उजव्या हातातल्या बांगड्या वाढवाव्या लागल्या. डाव्यात तिनं दुप्पट भरून घेतल्या. बोटं जाड झाल्यामुळे मूठ पुरती मिटेना. तांब्या धरला की निसटायचा. ती निसटलेला तांब्या परत परत उचलून बघायची.

फाल्गुनात सरूला मुलगी झाली. सुटका शेजारच्या रखमाबाईनं केली. पुतळीबाई उशाशी बसून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डिंकाचे लाडू घेऊन हेंद्रेपाड्याला गेले, तर घरात चार बायका जमलेल्या. आतल्या खोलीत बाजेवर सरू. खाली पाटावर पुतळीबाई पाय लांब करून बसलेली, नडग्यांवर ते एवढंसं पोर, शेजारी तेलाची वाटी.

तिनं डाव्या हातानं मान धरली होती आणि उजवा हात तेलात बुडवला होता. त्या हातानं पोराची पाठ चोळायला गेली तर बोटं वळेनात. नुसता हाताचा भार पडायचा आणि पोर नडग्यांवरून घसरायचं. ती पुन्हा वर घ्यायची, पुन्हा घसरायचं. मुलगी कळवळून रडत होती. रखमाबाई पुढं झाली, "आण गं, मी घालते." पुतळीबाईनं नुसतं बघितलं, रखमाबाई मागं सरली. मी पुढं झाले, मलाही तेच. बाजेवरून सरू रडवेल्या आवाजात म्हणाली, "आये, दे की त्यांच्याकडं." तिच्या मनात काय होतं ते सगळ्यांना कळत होतं. दोन गेली होती. ही तिसरी.

बाहेर चुलीवर धाकलू पाणी तापवत होता. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं पाऊल टाकायची आमच्याकडे रीत नाही. मग तो बाप असो की आजा. पाण्याचा हंडा उंबऱ्यावर ठेवायचा आणि मागं फिरायचं. धाकलूनं हंडा उंबऱ्यावर ठेवला. पोर रडत होतं ते ऐकत क्षणभर उभा राहिला. मग चप्पल काढली, हंडा पुन्हा उचलला आणि सरळ आत आला.

बायका ओरडल्या. एकीनं तोंडावर पदर घेतला, सरूनं घाईघाईनं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. धाकलूनं कुणाकडेही बघितलं नाही. बाजेकडे पाठ करून तो पुतळीबाईसमोर उकिडवा बसला, धोतराचा सोगा खोचला आणि दोन्ही हात पुढं केले.

"बोल," तो म्हणाला.

पुतळीबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ह्याची काही धडगत नाही.

तिनं तेलाची वाटी त्याच्यापुढं सरकवली. त्यानं हात बुडवला आणि पोराच्या पाठीवर ठेवला, नांगर धरून धरून घट्टे पडलेला, पोराच्या सबंध पाठीहून मोठा. "दाबू नको," ती म्हणाली. तिनं आपला सुजलेला उजवा हात उचलला आणि त्याच्या हातावर ठेवला. मग तिचा हात फिरू लागला आणि त्याच्याखाली त्याचा. खांद्यापासून कमरेपर्यंत, कमरेपासून टाचेपर्यंत. "हलू. आता फिरव. आता उलटा. मानेला नको, मान माजी." पाण्यात आधी त्याचं कोपर तिनं बुडवायला लावलं. "भाजते?" "नाय." "मंग ओत. धारेनं ओत, भाताला पानी सोडतोस का?" तो ओतत होता, ती शिव्या देत होती. शिव्यांचा जोर वाढत गेला तसं मला हायसं वाटू लागलं. पोर कधी रडायचं थांबलं ते आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. रखमाबाईनं निखाऱ्यावर ओवा टाकला आणि धुरी पुढं केली.

पोर पुसून, गुंडाळून सरूच्या कुशीत गेलं. धाकलू उठला. गुडघ्यापर्यंत भिजला होता आणि आता चार बायकांच्या घोळक्यातून बाहेर कसं पडायचं ते त्याला सुचत नव्हतं. पुतळीबाईनं त्याचा हात धरून उलटासुलटा केला, बोटं एकेक करून बघितली.

"उद्या येताना नखा काढून ये," ती म्हणाली.